निळा की पिवळा

रंगाऱ्याने खिडकीशेजारच्या भिंतीवर हातभर रुंदीचे दोन पट्टे मारले, एक निळा, एक फिकट पिवळा, आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवून तो बाजूला झाला. घरच्यांच्या वादात आपण तोंड घालायचं नाही, एवढं तो धंद्यात शिकला होता.

पुढच्या आठवड्यात आईला दवाखान्यातून या खोलीत आणायचं होतं. तिला सगळं कळत होतं, पण मानेखालचं शरीर गेलं होतं आणि मानही वळत नव्हती. यापुढे फार फरक पडेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

“निळाच द्या,” मुलगी म्हणाली. “आईला तोच आवडतो.”

“तुला काय ठाऊक? साड्या घ्यायला वहिनी माझ्याबरोबर यायची,” आत्या म्हणाली. “कधी निळ्याला हात लावला नाही तिने. आणि निळ्याने खोली उदास दिसते. आधीच काय कमी आहे?”

“पिवळ्याने आजारी दिसते.”

सकाळपासून हेच चाललं होतं. दोघी लांब जाऊन बघत, जवळ येऊन बघत, पडदा ओढून बघत. रंगावरून कोण एवढं भांडतं? पण दुसरं काही त्यांच्या हातात उरलंच नव्हतं.

“बाबा, तुम्ही सांगा. मिठाची गुळणी धरून काय बसलात?”

बाबा उठले. चपला काढून आईसाठी आणलेल्या पलंगावर उताणे पडले. हात अंगालगत सरळ ठेवले. मान हलवली नाही.

“दिसत नाहीत,” ते म्हणाले.

“चष्मा लावा ना.”

“लावलाय.”

मुलगी जवळ आली. त्यांची नजर लागली होती तिकडे तिनेही पाहिलं. पांढरं छत, पंखा आणि एक लांब चीर. आत्याने पदर तोंडाला लावला. दोघी इतक्या मायेने भांडत होत्या, आणि वर कुणी बघितलंच नव्हतं.

रंगाऱ्याने घसा खाकरला. “छताला शक्यतो पांढराच देतात. पण तुम्ही म्हणाल तो देऊ. कुठला लावू?”

बाबा पडूनच राहिले. डोळे तेवढे डावीकडून उजवीकडे गेले आणि परत आले.

“अर्धं निळं करा, अर्धं पिवळं,” ते म्हणाले. “तेवढंच तिला इकडून तिकडे जाता येईल.”