बस!

"साधं 'बस' म्हटलं तरी बसत नाही, हा कसला पोलिसातला कुत्रा?" असं म्हणत नव्याने बदलून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी भुंग्याच्या बरगडीत बूट हाणला आणि त्याच दिवशी कागदावर शेरा मारला : 'नाक गेलेलं. कामातून काढून टाकावा.' सहा वर्षं गांजा हुंगून काढणाऱ्या भुंग्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलेल्या हवालदाराने तो शेरा दोनदा वाचला, "बरं साहेब" म्हटलं, आणि राग भुंग्याच्या झडतीच्या पट्ट्याबरोबर खुंटीला टांगून ठेवला.

महिन्याभराने भुंग्याच्या निरोपाला खुद्द बडे साहेब आले, फोटोवाले आले. हवालदाराने खुंटीवरून दोन्ही काढले. झडतीचा पट्टा गळ्यात पडला की भुंग्याला एवढंच कळायचं, काम सुरू! पहिल्या रांगेतले सगळे बूट हुंगत तो इन्स्पेक्टरसाहेबांच्या खुर्चीपाशी आला. साहेब कुणालाही हात लावू देत नसत त्या चामडी बॅगेला त्याने नाक लावलं आणि तिच्यासमोर गपकन बसला.

"बघा, जाता जाता का होईना, अक्कल आली! बसला एकदाचा!" साहेब खदाखदा हसले. त्यांच्यामागे सगळा हॉल हसला.

हवालदाराने टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, पण बड्या साहेबांना.



"साहेब, हा सांगितलं म्हणून कधीच बसत नाही. माल सापडला की बसतो."