रिट्रॅक्टरला धार

डब्यातून जे निघालं ते पाहून धारवाल्याला हसावं की रडावं कळेना. हॉस्पिटलच्या शिपायाने निरोप सांगितला होता: सिस्टर म्हणाल्या, याची धार गेलीय, नीट लावून द्या. आणि डब्यात होतं रिट्रॅक्टर. ऑपरेशनच्या वेळी जखमेच्या कडा बाजूला धरून ठेवायची वाकडी पट्टी. तिला धार लावली तर पेशंटचं काही खरं नाही.

आधी कात्र्या परत येत होत्या. ऑपरेशन थिएटरला नव्या सिस्टर आल्या आणि तेव्हापासून एकेक करत सगळ्या कात्र्या परत आल्या. नीट चालत नाही, एवढीच तक्रार. धारवाला ओलं मलमल घेऊन कात्रीच्या टोकाने कापून बघायचा. मलमल निमूटपणे कापलं जायचं. तरी तो पुन्हा चाकावर बसायचा, पुन्हा धार काढायचा आणि कात्री स्वतः पोचवायला जायचा. सिस्टर चहा पाजायच्या, हे कुठलं स्टील, ते कुठलं, असं काहीबाही विचारायच्या आणि आता छान झाली म्हणायच्या. आठवडा सरत नाही तो दुसरी कात्री हजर.

त्याने ते फार मनाला लावून घेतलं. त्याच्या वडिलांचा हात याच वयात बिघडला होता. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं. कळलं ते गिऱ्हाइकांना. चाळिशी उलटली, लग्न राहून गेलं, या कामाशिवाय दुसरं काही येत नाही. हातच दगा द्यायला लागला तर उरलं काय? जेवताना तो घास तसाच धरून बोटांकडे बघत बसायचा. आईने एकदा विचारलं, त्या सिस्टरच्या घरी कोण कोण असतं रे? एकट्याच राहतात म्हणे, तो म्हणाला आणि उखडला. इथे माझा धंदा बसायची वेळ आली आणि हिला लोकांच्या घरच्या चौकशा. आईने कपाळावर हात मारून घेतला.

रिट्रॅक्टर पाहून मात्र त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे चूक आपली नव्हती तर. सिस्टरनाच स्टीलमधलं काही कळत नव्हतं. खिशात लोहचुंबक टाकून, रिट्रॅक्टरचा डबा घेऊन तो निघाला आणि वाटभर मनात भाषण जुळवत गेला.

हत्यारं धुवायच्या खोलीत सिस्टर चिमटे पुसत होत्या. त्याने बसायच्या आधीच सुरुवात केली. कात्रीचं स्टील चारशेवीस नंबरचं. नावाने बदनाम, पण कामाला इमानी. भट्टीत तापवून कडक करता येतं, म्हणून धार टिकते. रिट्रॅक्टरचं स्टील तीनशेचार. गंजाला दाद देत नाही, पण मऊ. भट्टीत घाला नाहीतर चाकावर धरा, कात्रीसारखं कडक व्हायचं नाही. त्याने चुंबक लावून दाखवला. कात्रीला तो घट्ट बसला, रिट्रॅक्टरवरून घसरून टेबलावर पडला. सिस्टर हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या, आणि भलत्याच खुशीत दिसत होत्या. धारवाल्याला वाटलं, ही बाई आपल्याला हसतेय. त्याचं भाषण तिथेच अडलं.

"खरं सांगा सिस्टर," तो म्हणाला, "माझा हात बिघडलाय का?"

सिस्टरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. हा माणूस इतके दिवस हे उरावर घेऊन फिरत होता, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. आणि पहिल्या कात्रीलाही काही झालं नव्हतं."

 मग कात्र्या परत का येत होत्या, त्याने विचारलं. आणि हे रिट्रॅक्टर? याला तर धार नसतेच.

सिस्टरनी पुसून झालेला चिमटा पुन्हा पुसायला घेतला. त्यांचे कान लाल झाले होते.

"ते मला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या. "पण कात्र्या सगळ्या पाठवून संपल्या, आणि तुम्ही काही आपणहून यायचं नाव घेत नव्हता."