मुदत कमी करा

"हप्ता कमी करू की मुदत?" बँकेतल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढत विचारलं. उत्तर त्यांना पाठ होतं, पण विचारायचा नियम होता.

"मुदत," बायको म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. सलग चार रविवार लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, ग्रीसने कोपरापर्यंत माखून त्याने जादा कामाचे पैसे मिळवले होते. त्यांतून नवा सोफा घ्यायचा, असं त्याने मनोमन ठरवलं होतं. सोफा पाच मिनिटांत गृहकर्जाच्या मुद्दलात जिरला.

फॉर्मवर आधी तिची सही, खाली त्याची. बाईच्या नावावर घर घेतलं तर व्याज थोडं कमी पडतं, हे त्यानेच शोधून काढलं होतं. म्हणून घर तिच्या नावावर, कर्ज दोघांच्या. या हुशारीबद्दल तो अजूनही अधूनमधून स्वतःची पाठ थोपटून घेई.

"अगं, वीस वर्षांचं कर्ज वीस वर्षांत फेडायचं असतं," पायऱ्या उतरताना तो म्हणाला. "सगळं जग तसंच करतं."

"जगाला घाई नसेल."

"तुला कसली घाई आहे?"

"मोकळं व्हायचंय एकदा."



सहा वर्षं हेच चाललं होतं. पगारवाढ झाली, मुदत कमी करा. बोनस आला, मुदत कमी करा. फ्रिजचं दार सुतळीने बांधलेलं. सोफ्याची एक स्प्रिंग वर आलेली, त्यामुळे पाहुणा आला की त्याला कुठे बसवायचं यावर आधी खाणाखुणा व्हायच्या. बायको नोकरीला चष्म्याच्या दुकानात, आणि नवऱ्याच्या चष्म्याची काडी तारेने गुंडाळलेली! काचांवर इतके ओरखडे, की लिफ्टची वायर लाल की तपकिरी, हे हल्ली तो हाताखालच्या माणसाला विचारायचा.

"दिसतंय ना?" ती विचारायची.

"दिसतंय."

"मग झालं."

बरं, भांडावं तर तिने स्वतःसाठीही कधी रुमालसुद्धा घेतला नव्हता. हीच तर खरी पंचाईत होती. उधळ्या बायकोशी भांडता येतं. या बाईपुढे तोंड उघडायची सोय नव्हती.

या सगळ्याचं मूळ मिस्त्री कामावर मोठ्या चवीने सांगायचा. सहा वर्षांपूर्वी सासूबाई पाय मोडून घेऊन राहायला आल्या. एक आठवडा झाला, दोन झाले, तीन झाले. बाविसाव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं आणि त्यांच्यादेखत तो बायकोला म्हणाला, "माझ्या घरात राहायचं तर माझ्या मर्जीने. नाहीतर दार उघडं आहे." सासूबाई दुसऱ्या दिवशी कुबड्या टेकत निघून गेल्या. बायको रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "घर अजून बँकेचं आहे. ते फिटू दे, मग बोलू."

"झोंबलं हो तिला!" मिस्त्री मांडीवर थाप मारून सांगायचा. "तेव्हापासून बँकेच्या तावडीतून माझं घर सोडवायला निघालीय! एक वाक्य बोललो, त्याची शिक्षा भोगतोय." सगळे हसायचे. तोही हसायचा आणि तारेचा चष्मा नाकावर वर सरकवायचा.

शेवटी वीस वर्षांचं कर्ज नवव्या वर्षी फिटायला आलं. त्याच आठवड्यात बायकोने एक बॅग आणली. मोठी, चाकांची, भारी कापडाची. सहा वर्षांतली पहिली खरेदी! मिस्त्री बॅगेभोवती दोन फेऱ्या मारून आला.

"माणसं दोन आणि बॅग एक?"

"एक पुरते."

रोज संध्याकाळी ती त्याच्या शर्टांना इस्त्री करू लागली. मिस्त्री समजायचं ते समजला. त्याने आठ दिवसांची रजा टाकली आणि कामावर सांगून टाकलं, "बायको फिरायला नेतेय. देर आए, दुरुस्त आए."

बँकेतल्या बाईंनी घराचे मूळ कागद आणि कर्ज फिटल्याचं पत्र तिच्या हातात ठेवलं. "इतक्या लवकर फेडणारं माझ्या पाहण्यात कोणी नाही," त्या म्हणाल्या. मिस्त्रीची छाती उगाचच फुगली. घरी येईपर्यंत त्याचा सहा वर्षांचा वैताग कुठल्या कुठे गेला होता. आपण हिला किती बोल लावले, असं वाटून त्याला खरोखर भरून आलं.

"तुझं बरोबर होतं," दार उघडता उघडता तो म्हणाला. "मी उगाच कटकट केली. चुकलो मी."

"हं," ती म्हणाली.

बॅग भिंतीला टेकून तयार उभी होती. त्याला राहवेना. त्याने चेन ओढली. वर त्याचे शर्ट, घडी न मोडलेले. त्यांखाली दाढीचं सामान, हिवाळ्यातला स्वेटर, नोकरीच्या कागदांची फाइल. कोपऱ्यात चष्म्याची नवी डबी. त्याने तारेचा चष्मा काढून नवा लावला. भिंतीचा रंग, बायकोच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं लख्ख दिसलं.

"झकास! नंबर बरोबर लागलाय." तो पुन्हा बॅगेत वाकला आणि त्याने तळापर्यंत हात घातला. "अगं, पण यात तुझे कपडे कुठे आहेत?"

तिने कागद कपाटात ठेवले आणि किल्ली फिरवली.

"आई येतेय उद्या. कायमची."

"उद्या? मग आपलं फिरायला जायचं?"

"घर फिटलं की बोलू, असं म्हटलं होतं मी," ती शांतपणे म्हणाली. "दार उघडं आहे."