मधुमालतीची भिंत

संगमेश्वरने पत्र्याच्या शेडमध्ये बाजेवर नवे फोटो मांडले. रुद्राणीने नेहमीप्रमाणे मधुमालतीचा तेवढा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. संगमेश्वरला बरं वाटलं. बायकोने कशाकडे तरी टक लावून पाहावं, एवढीच त्या बिचाऱ्याची अपेक्षा उरली होती.

गेल्या साली भूकंपाच्या पहाटे बीड नुसतं हललं. औशाकडचं रुद्राणीचं माहेर मात्र दगडमातीखाली गेलं. आई, भाऊ, भावजय, कुणी उरलं नाही. बीडची माणसं काही दिवस रस्त्यावर झोपली आणि मग मुकाट आपापल्या घरात गेली. रुद्राणी गेली नाही. अंगणातल्या या शेडमध्येच तिने चूल मांडली, इथेच अंथरूण टाकलं. फाटकाबाहेर पाऊल नाही, कामापुरतं सोडून शब्द नाही. ती रडलीसुद्धा नाही, आणि संगमेश्वरला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटे. डॉक्टरांच्या गोळ्या तिने घेतल्या नाहीत. तेव्हा जगात अजून फुलं फुलतात हे हिला दिसलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं.

म्हणून कापडदुकान उघडण्याआधी तो कॅमेरा गळ्यात अडकवून गावभर भटकायचा. कंकालेश्वराचं पाण्यात उतरलेलं देऊळ, बिंदुसरेच्या काठची रुई, एसटीडी बूथसमोरची रांग, कोल्ड्रिंकच्या नव्याकोऱ्या बोर्डाखाली रवंथ करणारी शेळी, जे दिसेल ते टिपायचा. "काय बे संगम्या, कापड सोडून फुलं विकतो का आता?" असं बाजारातले मित्र म्हणत. तो ते हसण्यावारी नेई.

रुई, रांग, शेळी, सगळं रुद्राणी बाजूला सारायची. मधुमालतीवर मात्र तिची नजर खिळायची, आणि तो फोटो ती उशाखाली ठेवायची. ती वेल पेठेतल्या मंजुळाबाईंच्या जुन्या घराच्या भिंतीवर चढलेली होती. संगमेश्वर मग पुन्हा पुन्हा तिथे जाऊ लागला. हिवाळ्यात गेला, उन्हाळ्यात गेला, आता श्रावणातही गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोला मधुमालती आवडते हे आपल्याला ठाऊक नव्हतं, याची त्याला लाज वाटली. पंचमी तोंडावर आली होती. आळीतल्या लेकी माहेरी यायला लागल्या होत्या. हिला कुठे जायचं? म्हणून आज तो वेलीची एक फांदीच मागून घेऊन आला होता, दाराशी लावायला.

रुद्राणीने फांदीकडे पाहिलंही नाही. उशाखालचे जुने फोटो काढून तिने बाजेवर एका ओळीत लावले आणि आजचा शेवटी ठेवला.

"हे बघा."

"लई फुललीय औंदा," तो खुशीत म्हणाला.

"फुलं न्हाई ओ. मागं बघा. भिंत."

त्याने पाहिलं. पहिल्या फोटोत पानांमागे दोऱ्याएवढी रेघ होती. पुढच्यात तिच्यात बोट गेलं असतं. आजच्यात हात गेला असता. सगळे फोटो त्यानेच काढले होते आणि त्याला ती भेग एकातही दिसली नव्हती.

"आत कोण ऱ्हातं?"

"मंजुळाबाई. एकलीच हाय म्हातारी. पण..."

पुढचं ऐकायला रुद्राणी थांबली नाही. ती चपला घालून फाटकाबाहेर पडलीसुद्धा. फांदी बाजेवर तशीच राहिली आणि संगमेश्वर कॅमेरा सावरत तिच्यामागे धावला.

मंजुळाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं अंथरूण नेमकं त्याच भिंतीला लागून होतं. भिंतीवर महादेवाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. रुद्राणी सरळ आत गेली आणि तिने ते खाली काढलं. मागे भेग होती. भेगेतून वेलीचा कोवळा शेंडा घरात आला होता. कॅलेंडरचा खिळा तिने बोटांनी ओढला, तर तो मातीसकट हातात आला.

"आता हे काय काढलंस गं?" मंजुळाबाई तडकल्या. "भिंत पडायची आसती तर भूकंपातच पडली आसती. झाकून टाकलं की भ्या वाटत न्हाई बघ."

"माझी आई बी आसंच म्हणलती, मावशी."

हिच्या माहेराचं काय झालं हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मंजुळाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि देव्हाऱ्यातले देव पदरात घेऊ लागल्या.

"आमच्या शेडात जागा हाय," रुद्राणी म्हणाली. "चला."

मंजुळाबाई देव घेऊन पुढे झाल्या. त्यांची वळकटी संगमेश्वरच्या खांद्यावर होती. त्याला भरून आलं होतं. इतक्या महिन्यांनी बायको रस्त्यावर, त्याच्या शेजारून चालत होती.

"एवढे दिवस फोटो उशाखाली ठेवलेस," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग मला कावून सांगितलं न्हाईस?"

रुद्राणी थांबली. तिने मूठ उघडली. कॅलेंडरचा गंजका खिळा अजून तिच्या हातातच होता.

"गेल्या पंचमीला, भूकंपाच्या आधी, आईच्या भिंतीला बी आशीच भेग पडलती. तिनं तुमच्या-माझ्या लग्नाचा फोटो लावून ती झाकली." आणि तिथेच, भर रस्त्यात, तिचा बांध फुटला. "खिळा मीच ठोकलता ओ."