द्वारपालाची आठवण

चार वाजायला वीस मिनिटं असताना पत्र आलं, आणि अलेसिया स्वयंपाकघरात धावत गेली. "आई, मिळाला! एक माणूस मिळाला!"

"लग्नाचा?" आईनं तव्यावरचं बटाट्याचं धिरडं उलटलं.

"तपासणारा गं! माझं काम चालवून बघणारा."

तीन आठवडे ती या माणसाची वाट पाहत होती. इंटरनेटवरची रहदारी आवरणाऱ्या एका कमांडमध्ये तिनं नवी भर घातली होती. काम सगळ्यांसाठी खुलं. जगभरची माणसं एका टपाल-यादीवर एकमेकांचं तपासत. यादी सांभाळणारा म्हातारा हेनिंग डेन्मार्कमध्ये बसून एकच पालुपद लावायचा: बाहेरच्या कुणीतरी चालवून, खाली आपलं नाव घालून 'बरोबर आहे' म्हटल्याशिवाय मी आत घेणार नाही.

"म्हणजे तुझा विसराळू द्वारपाल शहाणा झाला म्हणायचा," आई म्हणाली. यादविगा बाई जन्मभर शिक्षिका. गोष्ट केल्याशिवाय काही डोक्यात शिरतच नाही, असं तिचं मत. "आधी दारातून जाणारी प्रत्येक चिठ्ठी त्याला नवी. आता त्याला आठवतं, ही कुणाच्या बोलण्यातली, बोलणं कुणी सुरू केलं, अजून चाललंय का. बरोबर?"

"शंभरपैकी शंभर."

"मग बस, गरम आहे तोवर खा. चारला माझा वर्ग आहे."

एका हातानं खात अलेसियानं पत्र नीट वाचायला घेतलं. 'चालवून पाहिलं. उत्तम चालतं. आमच्या फार उपयोगाचं.' खालचं नाव ओळखीचं नव्हतं. त्याखाली, रिवाजाप्रमाणे, काल सव्वाचारला पडद्यावर जे उमटलं ते जसंच्या तसं चिकटवलेलं. अशा ठिकाणी संगणकांचे खरे आकडी पत्ते कुणी देत नाही. परीक्षेतल्या पत्राखाली मुलं 'अ. ब. क.' लिहितात, तसे यादीवरही नमुन्याचे पत्ते ठरलेले असतात. या गड्यानं खरा आकडा तसाच ठेवला होता. नवखा दिसतोय, म्हणून ती हसली.

मग तिनं आकडा पुन्हा वाचला. उठून भिंतीवरच्या राउटरवर चिकटवलेली चिठ्ठी पाहिली.

आकडा याच घराचा होता.

त्याखाली अकरा ओळी. प्रत्येकीला वेगळी खूण. प्रत्येकीपुढे 'खूण बसवून एकोणीस दिवस'. दहांपुढे 'शेवटचा वापर दोन सेकंदांपूर्वी'. एकीपुढे 'सहा दिवसांपूर्वी'.

"आई, वर्गात पोरं किती गं?"

"अकरा. का?"

"काल सगळी होती?"

"कास्तुस सोडून. शुक्रवारपासून नाही तो. सर्दी झाली असेल. त्याच्या आईला दोनदा फोन केला, उचलत नाही."

मुलं सगळी सीमेपलीकडची. त्यांच्या आज्यांची भाषा तिथल्या त्यांच्या शाळांत शिकवत नव्हते, आणि ती अशी चोरून शिकणं अंगाशी येत होतं. आई ती इथून, विल्नियसमधून शिकवायची. मधे कुठली कंपनी नको, म्हणून मुलांचे संगणक थेट या घराशी जोडायची सोय अलेसियानंच करून दिली होती.

तिनं आईला पडदा दाखवला. बाईंनी चष्मा लावून ओळी मोजल्या, बोटानं, एकेक.

"पण आपलं बोलणं कुलपात असतं, असं तूच म्हणाली होतीस."

"असतं."

"मग?"

"बोलणं ऐकायची तिकडच्या सरकारी माणसांना गरजच नाही, आई. कुणाच्या घरून कुणाच्या घरी, एवढं कळलं की पुरे."

धिरडं करपल्याचा वास आला. कुणीच उठलं नाही. फोनवर हेनिंगचा निरोप उमटला: 'अभिनंदन! तपासणारा मिळाला. संध्याकाळी आत घेतो.'

तेवढ्यात आईचा संगणक वाजू लागला.

"बाई, मी आले!"

"बाई, आज माझ्या मांजरीलापण शिकवा. तिला काहीच येत नाही!"

"तुला तरी काय येतं रे?"

अलेसियानं राउटरची वायर उपटली. पडद्यावरची मांजर तोंड उघडं ठेवून तशीच थिजली.

"अगं, पोरं!" आई म्हणाली. मग तिनंच संगणक मिटला.

चार वाजून सहा मिनिटांनी अलेसियाचा फोन थरथरला. पत्र त्याच माणसाचं होतं, सगळ्या यादीला पाठवलेलं.

'पुन्हा त्रास देतो, क्षमा असावी. चार वाजून एक मिनिटानं माझ्याकडच्या सगळ्या ओळी एकदम थांबल्या. हा आपल्या कामातला दोष आहे, की तिकडून कुणी काही केलं?'

खाली लगेच हेनिंग: 'अलेसिया, उत्तर दे. दोष असेल तर मला घेता येणार नाही. आधीच घेतलेल्यांनाही काढून टाका म्हणावं लागेल.'

तीन आठवडे अडून राहिलेलं काम होतं. त्यात दोष नव्हता. त्या माणसानं म्हटल्याप्रमाणेच ते उत्तम चालत होतं.

'होय, दोष माझ्या कामात आहे,' तिनं लिहिलं. 'आठवण मधेच पुसली जाते. खुणा चुकीच्या घरांवर बसतात. यातल्या एकाही ओळीवर कुणी विश्वास ठेवू नये.' खाली, रिवाजाप्रमाणे, आपलं पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं.

तिनं मान वर केली. खिडकीशी बसून आई हजेरी भरत होती. दहा नावांपुढे तिनं 'गैरहजर' लिहिलं. कास्तुसच्या नावापुढे पेन्सिल नुसतीच टेकून राहिली.