डोंगराचं उत्तर

कापडे गावची आमची अक्षदा सोळा वर्षांची. व्हायोलिनचा रियाज ती शेताच्या बांधावर करायची, डोंगराकडे तोंड करून. एक तान वाजवायची, थांबायची आणि डोंगराकडून तीच तान परत आली की पुढची घ्यायची. काकू हसायची, "डोंगर काय तुझा मास्तर हाय गो?" मी तिचा चुलतभाऊ, तबल्यावर साथीला. त्या थांबण्याची सवय मलाही लागली.

काल महाडच्या सभागृहात तिचा पहिला कार्यक्रम होता. खुर्च्या भरल्या, लोक दारापर्यंत उभे. द्रुत गत अशी रंगली की माझी बोटं नुसती उडत होती. आणि ऐन भरात, सवयीनं, ती थांबली.

मेलो, म्हटलं. इथं कुठला डोंगर?

पण मागच्या भिंतीकडून तान परत आली. स्वच्छ, जशीच्या तशी. टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्षदाचे डोळे लकाकले. "दादा, थांबू नको रे, लय वाढव!"

मी वाढवली. अक्षदा तान घ्यायची, भिंत उत्तर द्यायची. अंगावर काटा येत होता, पण हात आवरत नव्हता.

मग भिंतीकडून एक तान आली, जी आम्ही पाठवलीच नव्हती. भयंकर अवघड. अक्षदाला ती कुणी शिकवलीही नव्हती.

तान संपली. सगळं सभागृह आमच्याकडे तोंड करून थांबलं, जशी अक्षदा रोज डोंगरासमोर थांबायची.

अक्षदाचा गज अजून हवेतच होता. आणि तिच्या छातीशी टेकलेल्या व्हायोलिनमधून ती तान जशीच्या तशी परत गेली.