ओळख पटत नाही

हेमांगीने घरच्या युनिक्स सर्व्हरवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या संगणकावर, आईच्या नावाने खातं उघडलं, त्याला एकाच फोल्डरची परवानगी दिली आणि बाकीच्या वाटा बंद केल्या. आईच्या विझत चाललेल्या आठवणी तिथे सुरक्षित उतरवून घ्यायच्या होत्या.

रुग्णालयात आईच्या कपाळाला आठवणी वाचणारा पट्टा लावून डॉक्टर सामंत म्हणाले, "तुमच्या सर्व्हरशी जोडणी झाली. आता आठवणी ज्याच्याकडे जायच्या, त्या माणसाला तुमच्या आईंनी स्वतः ओळखायला हवं. त्याशिवाय कुलूप उघडत नाही."

हेमांगी आईसमोर बसली. "आई, मी हेमा."

आईने तिला बराच वेळ न्याहाळलं. "हेमा शाळेत गेलीय. तुम्ही कोण?"

हेमांगीने डॉक्टरांकडे पाहिलं. "दुसरा काही मार्ग?"

"नाही. तो असता तर कुणीही कुणाच्या आठवणी पळवल्या असत्या."

हे तिलाही ठाऊक होतं. असली कुलपं बसवणं हेच तिचं काम होतं.

आईने हळूच तिची बाही ओढली. "अहो, ती आज डबा विसरून गेलीय. उपाशी राहील. तेवढा पोचवाल का?"

"पोचवते," हेमांगी म्हणाली, आणि काहीच हातात नसताना उठून दारापर्यंत गेली.